पाद्र्याच्या गळ्यापर्यंत पाणी

केटिलच्या दारापुढची नदी गेली, त्याला पंधरा वर्षं झाली. डोंगरावरचा बर्फ मागे हटला, पाण्यानं शेजारच्या खोऱ्याची वाट धरली आणि आइसलंडच्या या टोकाला उरली मैलभर करडी वाळू. वाळूवर लांबलचक पूल, खाली थेंब नाही. पूल बघितला की केटिलला आधी हसू यायचं, मग वाईट वाटायचं.

एके काळी तोच लोकांना घोड्यावरून पलीकडे नेई. नदीला दहा फाटे, आणि कालची वाट आज सापडेल तर शपथ. पहाटे पाणी कमी. ऊन तापून बर्फ वितळला की संध्याकाळी चढायचं. काठावर ‘पाद्री’ नावाचा उभा धोंडा होता. पाद्र्याच्या गळ्यापर्यंत पाणी आलं की घोडा घालायचा नाही, हा बापाचा नियम.

साठ वर्षांपूर्वी रानवेग मास्तरीण पलीकडच्या शाळेवर रुजू व्हायला आली आणि इथे अडकली. केटिल रोज सांगे, आज पाणी फार आहे. असे सहा दिवस. सातव्या दिवशी लाज वाटून त्यानं तिला पोचवलं, आणि उन्हाळा संपायच्या आत लग्न करून परत आणलं. त्या सहा दिवसांत पाणी जेमतेम गुडघाभर होतं, हे मात्र त्यानं कधी कबूल केलं नाही.

आता रानवेगला पाऊल टाकवत नव्हतं. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात एकच जागा रिकामी होती, तिच्यापुरती. मुलगा ओर्मुर गाडी घेऊन दारात उभा होता.  केटिल वाळूकडे बघत राहिला.

“आज पाणी फार आहे,” तो म्हणाला.

“बाबा, पाणी कुठंय?”

“तुला नदीतलं काय कळतंय? गप बस.”

दाराशी खुर्चीत बसलेल्या रानवेगनं विचारलं, “पाद्र्याच्या गळ्यापर्यंत?”

“वर.”

“लबाडा. तेव्हा रोज पहाटे मी काठावर जाऊन बघायची. पाद्र्याचे पायसुद्धा भिजलेले नसायचे.”

केटिल कानापर्यंत लाल झाला. “मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू लगेच घोडा काढला असतास.”

तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर घडी घातली.

“ओर्मुर, माझी पेटी आत ठेव. सहा दिवस तरी पाणी उतरायचं नाही.”