येऊन गेलेले

नाशिकच्या कोर्टातल्या वकिलांच्या लायब्ररीचा ग्रंथपाल धनराज देवरे म्हणजे चालतीबोलती सूची. कुठला निकाल कुठल्या साली, कुठल्या खंडात, आणि वरच्या कोर्टाने तो नंतर फिरवला की नाही, सगळं तोंडपाठ. भलेभले वकील त्याच्या टेबलाशी येऊन नमतं घेत. असा हा पक्का माणूस आयुष्यात एकदाच कच्चा निघाला, आणि तेही नको तिथे.

१९९६ साली त्याच्या धाकट्या बहिणीने, मीनाने, ती शिकवत होती त्या शाळेतल्या मुझफ्फर शेख या शिक्षकाशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. मीना एवढंच म्हणाली, "दादा, तीन साक्षीदार लागतात. दोन आहेत. तिसरा तू." धनराज हो म्हणाला. लग्नाचं ऑफिस लायब्ररीपासून जेमतेम पन्नास पावलांवर. पण त्या दिवशी हा पठ्ठ्या सकाळपासून पुस्तकं काढून पुन्हा लावत बसला. वडिलांचा चेहरा समोर येई आणि पाय उचलत नसे. तिसरी सही एका स्टॅम्पवेंडरने केली, असं नंतर कळलं. याने मागाहून आजारी होतो असा निरोप धाडला. मीना संसाराला इगतपुरीला गेली. वडील पुढे वारले. तासाभराची वाट, पण अकरा वर्षांत धनराज एकदाही तिकडे फिरकला नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

२००७ मध्ये सविता नावाच्या ज्युनिअर वकिलाने त्याला इंटरनेटवर, तेव्हाच्या ऑर्कुटवर आणलं. तिथे कायद्यावर बोलणाऱ्यांचा एक गट होता. नागपूरचा, दिल्लीचा कोणीही निकाल विचारी, धनराज दोन बोटांनी टाइप करत खंड आणि पान सांगे, आणि खाली 'थँक यू सर'ची रांग लागे. इथवर ठीक. पण दुपारी डबा संपला की तो आणखी एक पान उघडे. मीनाचं. फोटोत तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेले आणि शेजारी नऊ-दहा वर्षांची, हुबेहूब तिच्यासारखी हसणारी मुलगी. पाच मिनिटं बघून तो गुपचूप पान बंद करी. चार महिने हाच नेम. लिहायचं धाडस काही होईना.

एके दुपारी सविता सहज म्हणाली, "भाऊसाहेब, काल माझं प्रोफाइल बघितलंत ना?"

"मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतं की! कोण येऊन गेलं त्याचं नाव येतं पानावर. तुमच्याही येतं. कधी पाहिलं नाहीत?"

पुस्तक नुसतं चाळणाऱ्यालाही रजिस्टरात सही करायला लावणारा हा माणूस, आणि आपली ये-जा मात्र कोणाला दिसत नाही असं खुशाल धरून चालला होता! म्हणजे चार महिने मीनाला रोज त्याचं नाव दिसत होतं. येतो, बघतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. शरमेने खातंच बंद करून टाकावं म्हणून त्याने स्वतःचं पान उघडलं आणि पहिल्यांदाच खालपर्यंत वाचलं. येऊन गेलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर मीनाचं नाव होतं.

खातं बंद करायचं राहूनच गेलं. तिच्या पानावर, चारचौघांना दिसेल अशा जागी, त्याने लिहिलं, "मीना, त्या दिवशी मी आजारीबिजारी नव्हतो. लायब्ररीतच होतो. भ्यालो. माझं चुकलं."

मग तो पडद्यासमोर बसून राहिला. एक बडे वकील खंड मागायला आले, त्यांनाही त्याने "थांबा जरा" म्हणून उभं ठेवलं. पाऊण तासाने उत्तर आलं.

"माहीत आहे, दादा. तुला बोलवायला मी दारापर्यंत आले होते. तू पुस्तकं लावत होतास आणि रडत होतास. म्हणून हाक मारली नाही. आज मारते. ये."

धनराजने डोळे पुसले, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज खरडला आणि सविताला विचारलं, "मॅडम, एवढ्याशा भाचीला काय न्यावं हो?"