दिराने आणलेल्या डिस्क

घरच्या थोरल्या सुनेने, थोरलीने, मनाशी पक्कं केलं होतं, दिराला धडा शिकवायचाच. पण भांडून नव्हे. भांडणात तो वस्ताद होता.

घरचा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाइकांचे फोटो साठवणारा सर्व्हर थोरली सांभाळायची, त्याच्या डिस्क दीर आणायचा. एका नर्सबाईंच्या वारलेल्या वडिलांचे फोटो सर्व्हरवरच अर्धे करडे पडले, तेव्हा या गृहस्थाने चारचौघांत हात झटकले. "माल चोख आहे. वहिनींच्याच हाताला यश नाही." झालं! गिऱ्हाइकं तिला टाळू लागली. जुन्या सिस्टीमचं काय, डिस्कने फोटो सडका दिला तरी मुकाट पुढे सरकवायची. मग पुरावा म्हणून दाखवणार काय, कपाळ?

नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं. सासरे म्हणाले, "सिस्टीम तू निवड. पण या वेळी घोळ नको."

"वेगवान घ्या वहिनी, एकदम चकाचक!" दिराने अक्कल पाजळली.

तिने लिनक्स घेतलं. दिसायला रुक्ष, पण वर्षानुवर्षं न कुरकुरता राबणारं. त्यावर झेडएफएस फाइल सिस्टीम. ती प्रत्येक तुकडा लिहिताना त्याची खूण जपते, वाचताना ताडून बघते आणि जुळलं नाही तर कुठल्या डिस्कने घात केला, ते नाव घेऊन सांगते.

"डिस्क मात्र तुम्हीच आणा, भाऊजी," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्याइतकी पारख कुणाला?" स्वारी खूश! तिने गुपचूप त्या प्रत्येक डिस्कला स्वतः पारखलेल्या डिस्कची जोड दिली, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हींवर. फोटो बुडता कामा नयेत, बुडायला हवा फक्त दीर.

महिन्याभराने तिने सगळ्यांसमोर तपासणी लावली. पडद्यावर चुका चढू लागल्या. सगळ्या दिराच्या डिस्कवर. तिच्या डिस्कवर एकही नाही. सासऱ्यांनी दिराची एक डिस्क काढून लेबल नखाने खरवडलं, तर खाली दुसरं, जुनाट लेबल.

"वापरलेला माल? नवा म्हणून?"

थोरलीला असं काही बरं वाटलं, की हसू आवरेना.

सासऱ्यांनी डिस्क बाजूला ठेवली. "झालं गेलं विसर, पोरी. घरातलं घरातच राहू दे."

"माझं नाव बाहेर खराब झालंय, बाबा. ते घरात धुऊन कसं निघेल?"

तिने नर्सबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दिराच्या हातात कोंबला.

"वहिनी, पाया पडतो तुमच्या," तो पुटपुटला.

"माझ्या नको. त्यांच्या वडिलांचे फोटो कुणी घालवले, तेवढं सांगा."

पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण?"

थोरली खुर्ची ओढून अगदी त्याच्या समोर बसली.