गंजवालीची चक्कर

"शिडी खाली ठेव," गंजवाली म्हणाली.

"नाही ठेवत." धाकट्या दिराने शिडी खांद्यावर आणखी वर सरकवली. "एकदा पडलात तेवढं पुरे झालं, वैनी. आता गंजीवर चढायचं नाव काढू नका."

"मग काय तू चढणार? तुला पेंढी कुठल्या तोंडानं ठेवायची ते तरी कळतं का?"

"शिकेन."

"शीक की. पण माझ्या चाऱ्यावर नको."

खळ्यात पेंढ्या नुसत्या पसरून पडल्या होत्या. जमीन भेगाळलेली, वारा तापलेला, आणि डोंगराच्या अंगाला रोज दुपारी ढगांचं काळं बोट उठत होतं. चारा रचला नाही आणि वरून पाऊस आला, तर गुरं वर्षभर कुजका चारा चघळणार, हे कुणाला सांगायला नको होतं. गावातल्या निम्म्या गंजी तीच रचायची. सासरी आल्यापासून. खालून गडी पेंढ्या फेकत आणि ही वर उभी राहून त्या झेलत, शेंडे आत, बुडखे बाहेर असा थर बसवत जायची. तिच्या गंजीत पाण्याचा थेंब शिरत नसे. म्हणून तर नाव पडलं गंजवाली.

पण महिन्यापूर्वी काय झालं, वर उभं राहून तिने शेवटची पेंढी झेलायला मान मागे टाकली आणि आभाळच गरकन फिरलं. ती धाडकन खाली आली. पेंढ्यांवर पडली म्हणून हाडं वाचली. तेव्हापासून अंथरुणात डाव्या कुशीवर वळलं की घर फिरायचं. आढं, भिंत, दाराची चौकट, सगळं एकमेकांच्या मागे धावायचं. ती डोळे गच्च मिटून मनात वीस मोजायची. विसाच्या आत फिरणं थांबायचं. पोरंसोरं तिला भिंगरी म्हणायला लागली.

दिराने हयगय केली नव्हती. तो तिला आधी हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. छातीला तारा लावल्या, कागदावर रेघा उमटल्या. डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत आहे. मग डोळ्यांचा डॉक्टर झाला. त्याने चष्म्याचा नंबर बदलून दिला, आणि फिरणारं घर आता जास्त स्वच्छ दिसायला लागलं. मग हाडांचा. तो म्हणाला, मानेत वयोमानाने थोडी झीज आहे, ती सगळ्यांनाच असते.

"तिघंही म्हणाले काही नाही," दीर म्हणाला. "म्हणजे भीती बसलीय मनात. मनाच्या डॉक्टरला दाखवू."

"दाखव की! त्यात लाजायचं काय? मनही दुखतं माणसाचं. पण मला एक सांग, माझं मन काय डाव्या कुशीवर वळल्यावरच फिरतं? उजव्या कुशीवर शहाणं असतं?"

दीर शिडी घेऊन निघून गेला आणि ती त्याने आपल्या गोठ्यात आडवी टाकून कुलूप लावलं.

गंजवाली तशीच घरात आली. "ऐक गं," ती सुनेला म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने मोठ्या दवाखान्यात जायचंय."

"काकांना सांगितलंत?"

"गोठ्याला कुलूप लावलंय त्याने. माझ्या पायांना नाही लावलं."

मोठ्या दवाखान्यात लांबलचक बोळ होता आणि दोन्ही अंगांना दारंच दारं. प्रत्येक दारावर पाटी, प्रत्येक दाराशी बाक, बाकावर माणसं. सून एकेक पाटी वाचून दाखवत होती. पोटाचे. मूत्रपिंडाचे. कातडीचे. मेंदूचे. लहान मुलांचे.

"अगं, माणूस एक आणि त्याचे एवढे वाटे?" गंजवालीचा आवाज बोळभर गेला. "आणि चक्कर कुणाच्या वाटणीला आलीय?"

चिठ्ठ्या देणाऱ्या खिडकीतल्या नर्सबाईने मान वर केली. बाई पिकल्या केसांची, आवाजाने खरखरीत. "इकडे या आजी. कुठल्या डॉक्टरकडे जायचंय?"

"ते मला ठाऊक असतं तर तीन डॉक्टर फिरून इथे आले असते का? तुम्हीच सांगा. आणि आधी माझं सगळं ऐकून घ्या. आजवर कुणी पुरतं ऐकलेलं नाही."

मागच्या रांगेत कुजबुज झाली. नर्सबाईने पेन खाली ठेवलं. "सांगा. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, की आडवं असताना घर फिरतं?"

"घर फिरतं. डाव्या कुशीला वळलं की. नाहीतर मान वर केली की. वीस मोजेपर्यंत."

"बोलताना जीभ अडखळते? हातपाय लुळे पडतात? एकाचे दोन दिसतात?"

"छे."

"अंधारी येत असती तर मी हृदयाच्या दाराशी पाठवलं असतं. जीभ जड झाली असती तर मेंदूच्या, तेही पळत. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे जा. बारावं दार."

"कानाच्या?" गंजवाली उसळली. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? शेजारची पोळपाट आपटते ते मला इकडे ऐकू येतं!"

"ऐकण्याचं नाही म्हणत मी. जा तर खरं."

कानाची डॉक्टरीण सुनेपेक्षाही लहान दिसत होती. तिने गंजवालीला टेबलावर बसवलं, मान डावीकडे वळवली आणि एकदम उताणं निजवून डोकं टेबलाच्या कडेबाहेर खाली धरलं. छत गरकन फिरलं. गंजवालीने तिचा दंडच पकडला.

"डोळे मिटू नका आजी. मला डोळेच बघायचेत. हां, नाचतायत बघा. सापडलं!"

"काय सापडलं?"

"कान दोन कामं करतो. एक ऐकायचं, दुसरं तोल सांभाळायचं. आत पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या असतात. कानातलेच काही कण जागा सोडून त्या नळीत शिरलेत. तुम्ही वळलात की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं तुम्ही गरगरताय."

"म्हणजे दाण्यात खडा."

"अगदी तसंच. आता पाखडून जागेवर नेऊ."

आणि तिने खरंच पाखडलं. डोकं तसंच धरून थांबली, मग उजवीकडे वळवलं, थांबली, मग सगळं अंग कुशीवर, तोंड जमिनीकडे, थांबली, मग हळूच उठवून बसवलं. ना सुई, ना गोळी. थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे निजवलं. छत जागेवरच होतं. गंजवालीने वीस मोजले, तीस मोजले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का?" डॉक्टरीण घाबरली.

"नाही गं पोरी. महिनाभर सगळे मला खोटी म्हणत होते."

"खोट्या नव्हतात. दार चुकत होतं. पण आठ दिवस उंचावर चढायचं नाही. आणि परत कधी झालं तर इथंच या."

आठ दिवस ती ओट्यावर बसून राहिली. समोर दीर दुसऱ्याच शिडीवरून गंज रचत होता आणि ती ओठ आवळून बघत होती. दोन बाया विचारायला आल्या, कुठल्या दुखण्याला कुठलं दार. ती म्हणाली, "मी काय डॉक्टर आहे? पण जाल तेव्हा दुखतं एवढंच सांगून गप्प बसू नका. कधी दुखतं, काय करताना दुखतं, किती वेळ दुखतं, सगळं सांगा. ऐकत नसतील तर मोठ्याने सांगा."

नवव्या दिवशी डोंगरावरचे ढग खाली उतरायला लागले. गंजवाली पदर खोचून खळ्यात गेली. दिराची गंज गोठ्याकडे कलली होती आणि बुडखे निम्मे आत, निम्मे बाहेर.

"पाड ती," ती म्हणाली.

"वैनी, पाऊस तोंडावर आलाय!"

"म्हणून तर. हिच्यात पाणी शिरेल ते थेट तळाला जाईल. पाड, आणि माझी शिडी आण."

"आणि परत चक्कर आली तर?"

"आली तर कुठल्या दाराशी जायचं ते मला ठाऊक आहे. तुला आहे का?"

खळ्यातले गडी हसले. दीर कंबरेची किल्ली काढून गोठ्याकडे गेला.

दिवस कलला तेव्हा वारा सुटला होता. सून फेकत होती, दीर फेकत होता, आणि गंजवाली थरावर थर चढवत वर वर जात होती. शेवटची पेंढी बसली, वरून दोर आवळला गेला, आणि पहिले टपोरे थेंब धुळीत पडले.

दीर शिडी लावून खाली उभा राहिला. "उतरा वैनी. भिजाल."

"भिजू दे," ती वरून म्हणाली आणि गंजीच्या टोकावर पाय सोडून बसली. "महिन्याने वर आलेय. जरा बसते."