निळ्या दोऱ्याचं रफू

गुड फ्रायडेच्या सकाळी अख्खं सेव्हिल मिरवणुका पाहायला रस्त्यावर उतरलं होतं आणि ब्रिहिदा खिडकीच्या झडपा लावून पाव तळत होती. दुधात भिजवायचे, तळायचे आणि वरून मध सोडायचा, या दिवसांतला घरोघरचा खाऊ. तोरिहा म्हणतात. खायला मात्र घरात कुणी नव्हतं. नवरा, फाउस्तीनो, आदल्या संध्याकाळच्या बसने उत्रेराला बहिणीकडे गेला होता. त्याला म्हणे ईस्टरची गर्दी सोसत नाही. तोरिहांचा पहिला डबा तिने त्याच्याबरोबर बहिणीसाठी दिलाच होता, पण हात ऐकत नाहीत म्हणून सकाळी पुन्हा कढई चढवली होती.

गेली सात वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांचा एकुलता एक दामियान तेविसाव्या वर्षी मोटरसायकलवरून पुलावर पडला आणि तिथेच गेला, तेव्हापासून. फाउस्तीनोने मिरवणूक काढणारं चर्चचं मंडळ सोडलं, मिरवणुकीचा आपला काळा झगाही कुणाला तरी देऊन टाकला, असं त्यानेच तिला सांगितलं. ब्रिहिदाने तर मिरवणुकीचं तोंड पाहिलं नव्हतं. मुळात रागीट बाई ती, आणि देवावरचा राग काढायला दुसरी जागा नव्हती.

पण यंदा पलीकडच्या गल्लीत एक भिंत खचली आणि मंडळाची परतीची वाट नेमकी तिच्या खिडकीखालून ठरली. खालच्या मजल्यावरची त्रिनी आठ वाजल्यापासून दार वाजवत होती.

"अगं, तू मिरवणुकीकडे जात नाहीस म्हणून तीच तुझ्या दाराशी आलीये. ये की बाहेर. पाव काय पळून जातायत?"

"तू जा. मला धुराने खोकला येतो."

"धूर तुझ्याच कढईचा आहे, बये. झडप तरी उघड, नाहीतर गुदमरून मरशील आणि मला आजच्या दिवशी धावपळ."

तेवढं खरं होतं. ब्रिहिदाने झडप उघडली आणि नको नको म्हणताना खाली पाहिलं.

काळ्या झग्यांच्या दोन रांगा चालल्या होत्या. डोक्यावर उंच टोकदार बुरखे, डोळ्यांपुरती दोन भोकं, हातात मेणबत्त्या. रात्रभर चाललेले ते पाय आता फरफटत होते. कुणी बोलत नव्हतं. या मंडळात झगा चढवून घराबाहेर पडलं की परत घरी येईपर्यंत, चर्चमधल्या हजेरीचा एक शब्द सोडला तर, बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, बुरखा काढायचा नाही. गल्लीत फक्त अनवाणी पावलांचा आवाज होता.

डाव्या रांगेतला एकजण बरोबर खिडकीखाली थांबला. झगा त्याला लांब होत होता, कड जमिनीवर लोळत होती. त्या कडेवर उन्हाची तिरीप पडली आणि ब्रिहिदाला वीतभर निळा दोरा दिसला.

तो दोरा तिचाच होता. दामियानच्या शेवटच्या मिरवणुकीआधी झगा खिळ्याला अडकून फाटला, घरातला काळा दोरा संपलेला, म्हणून तिने निळ्याने रफू केलं होतं. "रात्री कुणाला दिसतंय," असं ती म्हणाली, तर पोरगं हसलं होतं. "आई, आम्ही सकाळी परततो. उन्हात अख्ख्या गावाला कळेल." त्याच उन्हाळ्यात तो गेला. मंडळाचा माणूस स्वतःच्या झग्यातच पुरायचा, ही रीत. कपाटातून झगा तिने काढला, पण पोराला घालायला तिचे हात धजेनात. तिने तो फाउस्तीनोला दिला. तूच घाल, म्हणाली.

म्हणजे तो झगा सात वर्षं जमिनीखाली होता.

तिने गॅस बंद केला आणि घरातल्या सपातांवरच जिना उतरली. त्रिनी काहीतरी विचारत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

गर्दीतून अंग चोरत ती त्या रांगेच्या बाजूने चालू लागली. दामियान याच्याहून वीतभर उंच होता. सात वर्षं मातीत माणूस झिजत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि आल्यावर ते जाईना. एका वळणावर ती अगदी जवळ गेली.

"दामियान," ती हळूच म्हणाली.

बुरख्याचं टोक किंचित हललं. मग पुन्हा सरळ झालं आणि पुढे गेलं.

चर्चच्या दाराशी मंडळाचा चिटणीस यादी घेऊन उभा होता, काळ्या सुटातला, झोप न झालेला गृहस्थ. ब्रिहिदाने त्याची बाही धरली. "तो आत गेला ना, डावीकडचा, झगा लोळतोय, तो कोण?"

"बाई, नावं सांगत नसतात."

"मी त्याची आई आहे."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने निमूटपणे यादी चाळली. "दामियान कोर्तिना मोलेरो. मग तुम्हाला ठाऊकच असायला हवं. पाच वर्षं मी नावं पुकारतोय, हा दरवर्षी हजर म्हणतो. एकदाही खाडा नाही. अशी मुलं राहिलीत कुठे आता?"

भर उन्हात ब्रिहिदाचे दात वाजायला लागले.

बाजूच्या दारातून एकेकजण बाहेर पडू लागला. बुरखा तसाच, आणि नियम असा की जवळच्या वाटेने थेट घर गाठायचं. तोही निघाला. ती दहा पावलं मागे राहिली. गल्लीमागून गल्ली रिकामी होत गेली. संत्र्याच्या फुलांचा वास येत होता, फरशीवर सांडलेलं मेण पायाला चिकटत होतं. त्याने वळून पाहावं असं तिला फार वाटत होतं, आणि वळला तर आपण जागच्या जागी मरू असंही.

एका कोपऱ्यावर रस्ता धुतलेला होता. पाणी ओलांडायला त्याने झगा उचलला आणि पाऊल दिसलं. म्हाताऱ्या माणसाचं पाऊल, शिरा फुगलेल्या. अंगठ्याला नख नव्हतं. लादी बसवताना ती पायावर पडून ते गेलं होतं आणि महिनाभर त्याला ब्रिहिदानेच पट्ट्या बांधल्या होत्या.

तिला पहिल्यांदा आला तो संताप. उत्रेरा, बहीण, सात वर्षांचे डबे! जाऊन तो बुरखा उपटावा असं वाटलं. मग बाकीचं उमगलं. पोराला त्याने स्वतःच्या झग्यात पुरलं होतं. पोराचा झगा मातीत घालायला त्याचेही हात धजले नव्हते. आणि दरवर्षी तोच घालून, त्याच्याच जागेवर उभा राहून, त्याच्या नावाला हजर म्हणत होता.

पुढे तो आपल्या न्हावी दोस्ताच्या गल्लीकडे वळला. रोजचे कपडे त्याच्याकडेच ठेवत असणार. ब्रिहिदाने झपाझप जाऊन त्याचा हात धरला.

"नियम काय आहे?" ती म्हणाली. "जवळच्या वाटेने घरी. घर इकडे आहे."

तो थांबला. त्या दोन भोकांत बघायचं तिने टाळलं. मग तो तिच्या मागून चालू लागला.

जिन्यात त्रिनी भेटली. तिने क्रूसाची खूण केली आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता बाजूला झाली.

स्वयंपाकघरात ब्रिहिदाने भिंतीकडेची खुर्ची ओढली, सात वर्षं कुणी न बसलेली. तो बसला. बुरखा काढायला त्याने दोन्ही हात वर केले.

"राहू दे," ती म्हणाली. "थोडा वेळ तसाच राहू दे."

हात खाली आले. तिने ताटलीत दोन तोरिहा वाढल्या, वर मध घातला आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"रात्रभर चाललास. भूक लागली असेल. खा, दामियान."

मग त्याने बुरख्याची खालची बाजू ओठांपर्यंत उचलली आणि पांढरे खुंट वाढलेली हनुवटी दिसली. ब्रिहिदाने आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत ती तिकडेच बघत बसली.