चिंध्यांत दडपलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. तळहातावर मावेन एवढा. माझी जोडीदारीण म्हणजे दंडावर चिकटवलेली एक बटणाएवढी पट्टी. ती कातडीखालची साखर मोजते, मी आकडा दाखवतो. साखर फार उतरली की मी कोकलतो. मला एवढंच येतं.

मी ज्या ताईकडे आलो तिला लहानपणापासून टाइप वन मधुमेह. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते टोचून घ्यावं लागतं. टोचलेलं जरा जास्त झालं की साखर धाडकन खाली. सुरुवातीला माझे काय लाड! मी नुसतं ‘टीं’ केलं की तिची आई हातातलं काम टाकून रसाचा पेला घेऊन धावायची. म्हणायची, “या पोराला माझ्यापेक्षा जास्त काळजी!” मग आई गेली. मी वाजतच राहिलो, पण त्या घरात धावणारं कुणी उरलं नाही.

ताई कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला दंड टेकून ती जरा डोळे मिटायची. पट्टी दाबली गेली की आकडा खोटाच खाली यायचा आणि मी उगाच बोंब ठोकायचो. सगळ्याजणी हसायच्या. “अगं, तुझं बाळ रडतंय बघ!” शेवटी ओशाळून ताईने मला चिंध्यांत गुंडाळलं आणि मशीनच्या खणात कोंबलं. मला तिचा राग नाही आला. पण खणात फार एकटं वाटलं.

एका दुपारी साखर खरोखरच घसरली. मी जीव तोडून ओरडलो. चिंध्यांनी आवाज गिळून टाकला. वर ताईची मशीन चालूच होती. कापड घेऊन जाणारे कटिंग मास्तर तिच्यापाशी थबकले.

“पोरी, कॉलर सोडून शिलाई कुठे फिरायला निघाली?”

“काही नाही, मास्तर. होतंय.” तिची जीभ जड झाली होती.

मास्तरांनी कान टवकारले, खण उघडला आणि मला बाहेर काढलं. “हे वाजलं की आम्ही काय करायचं, ते सांग.”

आई गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “रस... पिशवीत,” एवढंच ती बोलू शकली. मास्तरांनी बाटली उघडून तिच्या ओठांशी धरली.

आता नवी पट्टी थेट मोबाइलशी बोलते. मी घरातल्या टेबलाच्या खणात पडून असतो. मला चार्ज करायचं कुणाच्या ध्यानात नाही, बॅटरी संपत आली आहे. घरात अजूनही ताई एकटीच. पण तिचा मोबाइल कोकलला की पाठोपाठ मास्तरांचा फोन येतो, “घेतलास का रस?” तिने मास्तरांच्या मोबाइलवरही तो आकडा दिसेल अशी सोय केली आहे.

मित्रांनो, माझं काय, माझं झालं. पण कुणाच्या पिशवीतून असा आवाज आला तर हसू नका. जवळ जा आणि काय करायचं ते विचारा. आम्ही फक्त ओरडू शकतो. पेला उचलायला आम्हाला हात नाहीत.