गिब्सनची बाजू

बाबनरावांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि तांब्यासकट रुपरावांच्या नाकासमोर सरकवला.

"वाच. मोठ्यानं वाच."

रुपरावांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पडद्याकडे पाहिलं आणि तर्रीतला एक चणा सावकाश तोंडात टाकला.

"वाचलं. मंग?"

"मंग काय? अबे, अमेरिकेवाल्यायनं सोता मान्य केलं. काळ्यायच्या लीगचे आकडे आता मेन हिशोबात धरले. सरासरीत जोश गिब्सन एक नंबर. तुझा बेब रूथ त्याच्या खाली. आता तरी म्हन, सगळ्यात मोठा बॅटर कोन?"

"रूथ," रुपराव म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागले.

बाबनरावांच्या इंदोऱ्यातल्या घरात दर रविवारी सकाळी हे भांडण व्हायचं. नागपुरात बेसबॉल म्हटलं की लोक आधी विचारतात, म्हणजे क्रिकेटच ना? अशा गावात ही दोन साठी उलटलेली माणसं गोरा रूथ आणि काळा गिब्सन या जुन्या अमेरिकन खेळाडूंवरून हमरीतुमरीवर यायची. दोघांनाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण सख्ख्या काकांच्या अब्रूचा प्रश्न असल्यासारखं ती भांडत. कॉलेजात खेळाच्या सरांनी हा खेळ आणला, तेव्हा रुपराव संघाचे कॅप्टन होते. भिवापूरच्या खात्यापित्या शेतकरी घरातला मुलगा. पुढे ते स्वतःच एका कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले. बाबनरावांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी केली आणि निवृत्त झाले. बॅट सुटली ती कॉलेजातच.

खरं तर ती सुटायला नको होती. बाबनरावांनी मारलेला चेंडू कँटीनच्या टिनांवरून पलीकडच्या रस्त्यावर जायचा आणि सगळे खेळ थांबवून बघत राहायचे. तरी रुपरावांच्याच कॅप्टनकीखाली विदर्भाचा संघ नॅशनलला निघाला, तेव्हा बाबनचं नाव त्यात नव्हतं. निवड समितीनं कापलं, असं रुपरावांनीच येऊन सांगितलं. मी लई भांडलो, टेबलावर हात आपटला, पण म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही, असंही सांगितलं. बाबनराव त्या दिवशी रडले होते, आणि रुपरावांच्याच खांद्यावर रडले होते. लग्न झाल्यावर बायकोशी ओळख करून देताना त्यांनी सांगितलं, हाच तो, माझ्यासाठी भांडलेला. तेव्हापासून जनाबाई या भाऊजींच्या ताटलीत घरच्यांपेक्षा जास्त वाढत आल्या होत्या.

म्हणूनच आज बाबनरावांना रुपरावांच्या तोंडून गिब्सनचं नाव हवं होतं. अमेरिकेनं म्हटलं ते ठीकच. पण बाबनरावांची बॅट ज्यानं डोळ्यांनी पाहिली आणि तिच्यासाठी शब्द खर्चला, असा माणूस जगात हा एकच. तो गिब्सनला मोठा म्हणाला असता, तर बाबनरावांना ते स्वतःबद्दल म्हटल्यासारखं वाटलं असतं. एवढं साधं होतं ते, आणि त्यांना तसं सांगायची लाज वाटायची.

"तुझ्या गिब्सननं गोऱ्यायच्या मोठ्या लीगमधल्या पिचरच्या बॉलले तोंड कुठं देल्लं?" रुपराव म्हणाले.

"देऊ देल्लं नाई म्हून! अन् तुझ्या रूथनं लीगमधी कोन्या काळ्या पिचरले तोंड देल्लं? घरच्याच आंगनात वाघ होता तो."

"आवाज कमी कर बे, बीपी वाढन."

"वाढू दे. एवढा मोठा बॅटर पस्तिशीत मेला, गा. तो मेला अन् दोनतीन महिन्यांनी पयल्या काळ्या मानसासाठी दार उघडलं. त्याच्या संगं तेव्हा कोनी गोरा उभा राह्यला असता, एखादा कॅप्टन म्हनला असता का हा नाई तर मी नाई, तर?"

"तर काईच झालं नसतं." रुपरावांनी ताटली खाली ठेवली. आता तेही रंगात आले होते. वर्गात शिकवायचे तसं बोट वर करून ते बोलू लागले. "तू भावनेनं बोलून राहिला. टीम चालवनं येगळं असते. त्याले घेतलं, तर हाटेल येगळं पाहा, जेवन येगळं पाहा. निम्म्या पोरायचे तोंडं वाकडे. कॅप्टननं खेळाकडे पाहावं का पंगतीकडे? एकाले घरी ठेवलं का बाकीचे खुश राह्यतात. वाईट वाटते, पन करा लागते. भिवापूरच्या कँपच्या टायमाले मलेबी..."

कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच गरम हवा फेकत होता. रुपरावांनी वर धरलेलं बोट हळूच मिटलं.

नॅशनलच्या आधी संघाचा सराव भिवापूरला, रुपरावांच्याच शेतात झाला होता. मुलांचं राहणं-जेवणं त्यांच्याच घरी होतं. हे बाबनरावांना तेव्हापासून माहीत होतं. त्यात काही पाहण्यासारखं आहे, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"मलेबी काय?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. बोलता बोलता आलं."

"कोनं कापलं होतं माझं नाव?"

रुपरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला.

"समितीनं मलेच विचारलं होतं, कोन कोन न्याचं म्हून," ते म्हणाले. "आई तवा होती, बाबन. तिनं घरी पयलेच विचारून ठेवलं होतं, कोनाकोनाचे पोरं येतात. तुले बाहेर पत्रावळीवर वाढलं असतं. सगळ्यायच्या समोर. तुलेच लागलं असतं. मी तुझी इज्जत वाचवली, गा."

पोह्यांचा दुसरा घाणा घेऊन आलेल्या जनाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी कढई दोन्ही हातांनी धरली होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मंग टेबलावर हात कोनावर आपटला होता?"

जनाबाई तशाच आत गेल्या आणि कढई ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

बाबनरावांना राग यायला हवा होता, पण आधी आली ती शरम. हा माणूस त्यांच्या ओसरीत बसून हजारदा जेवला होता. दर उन्हाळ्यात भिवापुरी मिरच्यांची पिशवी आणून द्यायचा आणि घरात सगळे म्हणायचे, किती जीव आहे पाहा. आपण त्या खांद्यावर रडलो होतो, हे आठवून त्यांचे कान तापले. ज्यानं गळा कापला त्यालाच आपण मलम लावायला बसवलं होतं.

"मी डबा आनला असता न," ते म्हणाले. आवाज अगदी लहान निघाला. "मायनं भाकरी बांधून देल्ली असती. झाडाखाली बसून खाल्ली असती. नसतो गा आलो तुमच्या घरात. मले फक्त खेळाचं होतं. तू इचारलं काहून नाई?"

"तवा आपन वीस वर्षाचे होतो, बाबन."

"हो. मीबी वीसचाच होतो."

रुपराव उठले, चपला पायात सरकवल्या. एरवी निघताना 'येतो वं वहिनी' अशी त्यांची हाक आत जायची, आज ते नुसते आत डोकावले आणि फाटकाशी जाऊन थांबले. स्कूटरची किल्ली हातात फिरवत त्यांनी बाबनरावांकडे पाहिलं. डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते.

"बाबन, गिब्सनच. रूथपेक्षा गिब्सनच मोठा होता. मी मानतो. झालं?"

बाबनरावांनी तांब्याला टेकवलेला मोबाइल उचलला आणि बंद करून खिशात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तू त्याले निवडू नको."