माफ झालेले पैसे

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी ती प्लास्टरमध्ये ओतते, मेणात दात बसवते, घासूनपुसून परत पाठवते. वीस वर्षं परक्या लोकांच्या हिरड्यांचे ठसे हाताळतेय, कधी ओकारी आली नाही. यंदा आली, आणि ती माझ्या सख्ख्या भावामुळे.

माझं काम चालतं ती खोली मालकीणबाईंनी विकायला काढली. आधी मला विचारलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. भट्टी, पॉलिशची मोटर, प्लास्टर तुंबू नये म्हणून मुद्दाम बदलून घेतलेला बेसिनचा पाइप, सगळं तिथेच. दुसरीकडे पुन्हा बस्तान बसवण्याची ताकद आता माझ्यात नाही. थोडे पैसे गाठीशी होते, बाकीचे बँक देईल असं मी धरूनच चालले होते.

बँकेतल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "ताई, तुमच्या नावापुढे 'सेटल्ड' लागलंय. स्कोअर पार तळाला गेलाय."

"मग बरंच की! मिटलं ना ते?"

"मिटलं नाही. तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत, शेवटी बँकेने नाद सोडला, असा त्याचा अर्थ. तुम्हाला आता कोण देणार?"

ते कर्ज दादाचं होतं, फक्त नाव माझं. सहा वर्षांपूर्वी त्याला गाद्यांचं दुकान टाकायचं होतं. त्याचे कागद धड नव्हते, माझे चोख. "सही तुझी, हप्ते माझे," म्हणाला. चौदा हप्ते भरले, मग दुकान बसलं आणि वसुलीवाल्यांचे फोन मला यायला लागले. तेव्हा दादा स्वतः बँकेत गेला, घासाघीस करून चाळीस टक्के माफ करून घेतले आणि उरलेले भरून आला. आमच्या घरात भाव पाडून आणणाऱ्याला डोक्यावर घेऊन नाचतात. आई तर भेटेल त्याला सांगत सुटली, की माझ्या लेकाने बँकेलासुद्धा नमवलं. मीही टाळ्या पिटल्या. शी!

'स्कोअर दुरुस्त करून मिळेल' अशी पाटी बघून आधी एका एजंटाकडे गेले. तेलकट बोटं चाटत त्याने माझे कागद उलटले, प्रत्येक पानावर डाग पाडला. "सोपं आहे. सही तुमची नाही, भावाने खोटी केली, असं लिहून द्या. माझी फी आधी." सही माझीच होती, चांगली ठसठशीत. कागद उचलले आणि बाहेर पडल्यावर आधी हात धुतले.

सरळ रस्ता बँकेतल्या मुलीनेच सांगितला. माफ झालेली रक्कम भरायची, पूर्ण फेडल्याचं पत्र घ्यायचं, मग महिना-दीड महिन्यात नोंद सुधारते. मी दादाकडे गेले. तो टीव्हीपुढे पाय पसरून काडीने दात कोरत बसला होता.

"माफ झालेले पैसे परत भरायला निघालेली तू पहिलीच येडी!" तो हसला. काडीचं टोक न्याहाळत म्हणाला, "किती मागतेय गं ती म्हातारी खोलीचे?"

मी आकडा सांगितला, मुदतही सांगितली. भावाला नाही सांगायचं तर कुणाला?

"त्याने एवढी खटपट केली, तिच्यावर पाणी फिरवू नकोस," आई आतून म्हणाली.

मग मीच भरले. बांगड्या विकल्या, साठवलेल्यातलेही काढले. पत्रासाठी तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा पत्रावर कर्जाचा क्रमांक भलताच. तिसऱ्यांदा मिळालं, तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. थोडे दिवस वाढवून मागायला मालकीणबाईंना फोन केला.

"अहो, असं काय करता?" त्या गोंधळल्या. "तुमच्या दादांशी काल व्यवहार झाला की. तुम्हीच पाठवलंय म्हणाले."

दुसऱ्या दिवशी दादा टेप घेऊन खोली मोजायला आला. मी मोटर बंद केली. माझ्या तोंडून आधी एकच प्रश्न निघाला. "तुला कर्ज कुणी दिलं?"

"का नाही देणार? गाद्यांचं बसलं, पण पडद्यांचं दुकान तीन वर्षं व्यवस्थित चाललंय. कर भरतो. आणि माझ्या नावावर आजवर एक डाग नाही." त्याने फोन काढून मला त्याच्या स्कोअरचा आकडा दाखवला. पोराची मार्कशीट दाखवावी तसा दाखवला. "परक्याच्या घशात जाण्यापेक्षा खोली घरात राहिली. तू इथेच काम कर, तुला कोण उठवतंय?"

मी भिंतीला टेकले. मग बेसिनवर वाकले, कोरडी ओकारी आली. याचा चिखल माझ्या अंगावर आणि हा धुतल्या तांदळासारखा, माझ्याच खोलीत उभा.

"भाडं बाजारभावापेक्षा कमी लावतो," तो टेप गुंडाळत म्हणाला. "फक्त अनामत. बाहेरच्यांकडून दोन महिन्यांची घेतात. तू सहा महिन्यांची दे. राग मानू नकोस, पण तुझा रेकॉर्ड जरा..."

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. त्याची किळस आली, पण त्याहून जास्त माझी आली. कारण तो बोलत होता आणि मी मनातल्या मनात सहा महिन्यांचे किती होतात ते मोजत होते.